कथेचा प्राण कोठें असतो?

अद्भुत कथा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें राक्षस, जादूगार, बोलके पक्षी आणि सात समुद्रांपलीकडचे वाडे उभे राहतात. अशा कथांचा व आपल्या रोजच्या व्यवहाराचा कांहीं संबंध नाहीं, असें आपण गृहीत धरून चालतों. लहानपणीं त्या ऐकाव्या आणि मोठेपणीं विसरून जाव्या, अशीच सुशिक्षित घरांतील रीत आहे. पण ह्या कथा शेंकडों वर्षें कोणी सांभाळल्या आणि कोठें सांभाळल्या, हें पाहूं गेल्यास निराळेंच चित्र दिसूं लागतें. त्यांचा सांभाळ झाला तो बहुधा चुलीपाशीं, जात्यापाशीं आणि पाळण्यापाशीं. आणि त्यांतलें अद्भुतही चूल, मडकें, दूध, विस्तव अशा रोजच्या वस्तूंतूनच निघालेलें आहे.

ह्या इतिहासाचें पहिलें पान गोदाकांठच्या पैठणांत उघडतें. काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठीं 'कथासरित्सागर' रचला. त्याच्या आरंभीं गुणाढ्याची हकीकत आहे. गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या पदरीं होता. राजाला संस्कृत किती काळांत शिकवितां येईल, ह्या पैजेंत तो हरला, आणि संस्कृत, प्राकृत व देशी ह्या तिन्ही भाषा त्यानें सोडून दिल्या. पुढें विंध्याच्या अरण्यांत तो पैशाची भाषा शिकला आणि तींत त्यानें सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. अरण्यांत शाई नव्हती म्हणून ती रक्तानें लिहिली. भाषा पिशाचांची आणि अक्षरें रक्ताचीं, असें म्हणून राजानें ग्रंथ अव्हेरला. तेव्हां गुणाढ्यानें एका टेकडीवर अग्नि पेटविला. एकेक पान तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नींत टाकी. पशू चारापाणी विसरून, डोळ्यांत अश्रू आणून ऐकत उभे राहत.

इकडे राजवाड्यांत राजाच्या ताटांत सुकें, नीरस मांस येऊं लागलें. राजा आजारी पडला. वैद्यांनीं दोष मांसाला दिला, आचाऱ्यांनीं पारध्यांना दिला, आणि पारध्यांनीं सांगितलें कीं, रानांतले पशू एका ब्राह्मणाची कथा ऐकत उभे राहतात, चरतच नाहींत. राजा धांवत गेला; परंतु तोंवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष तेवढे हातीं लागले.

ही हकीकत इतिहास म्हणून कोणी स्वीकारणार नाहीं, आणि मूळ 'बृहत्कथा' तर आज उपलब्धच नाहीं. परंतु ज्यानें ती रचली त्याला कथांचा स्वभाव चांगला ठाऊक होता, एवढें खास. राजसभेंत कथेचा अपमान झाला; तिचें मोल कळलें तें मुदपाकखान्यांत, ताटांतल्या सुक्या मांसावरून.

मराठींत हाच क्रम पुढें चालू राहिलेला दिसतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. त्या ग्रंथांत मोक्षधर्माच्या निरूपणाच्या सोबतीनें, चिमणी-कावळ्याची, शेणाच्या आणि मेणाच्या घराची गोष्टही येऊन बसली आहे. आजही घरोघर लहान मूल पहिल्यानें जी गोष्ट ऐकतें ती हीच. सातशें वर्षांत राज्यें किती आलीं आणि गेलीं. पण पावसांत वाहून गेलेलें तें घर अद्याप उभें आहे. त्याचें कारण उघड आहे. शेण सारवणाला लागे, मेणही घरांत असे, आणि पाऊस तर दरवर्षीं येतोच. मुलाला ह्या गोष्टींतला एकही शब्द समजावून सांगावा लागत नसे.

छापखाना आला तेव्हां मराठींत प्रथम छापल्या गेलेल्या पुस्तकांत गोष्टींचीं पुस्तकें होतीं. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयानें इसापाच्या गोष्टींचें भाषांतर 'बालबोध मुक्तावलि' ह्या नांवानें १८०६ मध्यें निघालें. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें १८१४ मध्यें 'सिंहासनबत्तिशी' छापली गेली. आणि १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठींत आणण्यास आरंभ केला. पुण्याच्या वाड्यांतून बगदादचे खलिफा आणि दिव्यांतले राक्षस वावरूं लागले. नवशिक्षित वाचक ह्या परदेशी नवलांत दंग झालेला असतां, त्याच पुण्याच्या परिसरांत आजीकडून ऐकलेल्या कथांचा एक मोठा सांठा एका आयेच्या डोक्यांत पडून होता. त्याची दाद त्या वाचकाला नव्हती.

ह्या आयेचें नांव अ‍ॅना लिबराता डि सूझा. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या घरीं ती चाकरीस होती. तिनें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें तिच्या आजोबांचें घराणें मूळचें लिंगायत होतें. आजोबांनीं गोव्याच्या बाजूस ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायीं वडिलांनीं त्यांना घराबाहेर काढलें. पुढें ते इंग्रजी फौजेंत हवालदार झाले. धर्म बदलला, घर सुटलें. परंतु आजीच्या गोष्टी कांहीं बदलल्या नाहींत. राजा, राणी, राक्षस, माळीण आणि कोल्हा हीं सारीं मंडळी त्या ख्रिस्ती घरांत पूर्वींप्रमाणेंच नांदत राहिलीं. आजीनें त्या गोष्टी नातवंडांना सांगितल्या आणि अ‍ॅनानें पुढें आपल्या मुलांना सांगितल्या.

१८६५–६६ च्या हिंवाळ्यांत फ्रिअर साहेब दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि १८६५ मध्यें तें युद्ध संपतांच सट्टेबाजीचा डोलारा कोसळला होता. बोरघाटांतून आगगाडी १८६३ मध्येंच सुरू झाली होती. पण दौरा चालला होता तो जुन्या पद्धतीनें, तंबू-डेरे घेऊन, मुक्काम करीत. शेंकडों माणसांच्या त्या छावणींत गव्हर्नरांची वडील कन्या मेरी ही वीस वर्षांची मुलगी होती, आणि तिच्या सोबतीला ही आया. आई विलायतेस होती. वाचावयाचीं पुस्तकें फारशीं नव्हतीं. मुक्कामाच्या लांब दुपारीं सरतां सरत नव्हत्या. मेरीनें एक दिवस अ‍ॅनाला गोष्ट सांगण्याची गळ घातली. अ‍ॅनानें आधीं आढेवेढे घेतले; मग एक सांगितली, आणि मग एकीमागून एक आठवत गेली.

मेरीनें ह्या प्रसंगीं जें केलें तें त्या काळीं फारसें कोणी करीत नसे. ती गोष्ट ऐके, टिपणें करी, मग लिहिलेला मजकूर अ‍ॅनाला वाचून दाखवी आणि सांगितलें तसेंच उतरलें आहे कीं नाहीं, याची खात्री करून घेई. असें करीत चोवीस गोष्टी जमल्या आणि १८६८ मध्यें लंडनास 'ओल्ड डेक्कन डेज' हें पुस्तक निघालें. हिंदुस्थानांतील लोककथा सांगणाराच्या तोंडून टिपून इंग्रजींत छापलेला हा पहिला मोठा संग्रह समजला जातो. त्यांतील विशेष असा कीं, गोष्टींच्या आधीं गोष्ट सांगणारीची स्वतःची जीवनकथाही तिच्याच शब्दांत दिली आहे. लोककथेच्या संग्रहांत सांगणारीला नांव आणि चेहरा मिळावा, ही गोष्ट पुढेंही पुष्कळ वर्षें दुर्मिळच राहिली.

आतां ह्या गोष्टींतलें अद्भुत कशाचें बनलेलें आहे तें पाहावें. पहिली गोष्ट पंचकिन जादूगाराची. त्यानें राजपुत्रांना दगड करून ठेवलें आहे आणि एका राणीला कोंडलें आहे. त्याला मरण नाहीं. कारण त्याचा प्राण त्याच्या देहांत नाहींच. दूर देशीं एक निबिड अरण्य, त्यांत ताडांचें रिंगण, रिंगणाच्या मध्यावर पाण्यानें भरलेल्या सहा मडक्यांची उतरंड, आणि सर्वांत खालच्या मडक्याखालीं पिंजऱ्यांत एक लहानसा हिरवा पोपट. त्या पोपटांत त्याचा प्राण. भूतांचा पहारा आहे, वाट अगम्य आहे. पण सगळ्या मायेच्या मुळाशीं काय, तर मडक्यांची उतरंड! जुन्या घराच्या माजघरांत अशी उतरंड असे आणि तिच्या तळच्या मडक्यांत घरधनीण आपले चार पैसे लपवून ठेवी. मोलाची वस्तु कोठें दडवावी, हें त्या जादूगाराला कोणा गृहिणीनेंच शिकविलें असावें, असें वाटतें.

सूर्याबाईची गोष्ट याहून सुंदर आहे. गवळणीची ही मुलगी. गरुडांनीं ती उचलून नेली आणि उंच झाडावरच्या घरट्यांत वाढविली. एक दिवस घरांतला विस्तव विझतो, आणि तेथून सारें संकट ओढवतें. आगकाड्या नव्हत्या त्या काळीं विस्तव विझला तर परळ घेऊन शेजारणीकडे जावें लागे. सूर्याबाईही तशीच विस्तव मागायला जाते. मात्र शेजारीण राक्षसीण निघते. पुढें राक्षसाचें दारांत अडकलेलें नख तिच्या हाताला लागून ती निश्चेष्ट पडते, आणि राजा तें नख काढतो तेव्हां जागी होते. राजा तिला राणी करतो. सवत तिला तळ्यांत ढकलते. तळ्यांत सूर्यफूल उगवतें. सवत तें जाळते. राखेंतून आंब्याचें झाड येतें. त्याचा एक आंबा खालीं पडतो तो नेमका झाडाखालीं विसावलेल्या एका म्हाताऱ्या गवळणीच्या दुधाच्या भांड्यांत. ती गवळण म्हणजे मुलीची सख्खी आईच.

तिसरी गोष्ट हंसविणारी आहे. पावसाळी रात्रीं एक वाघ म्हातारीच्या झोंपडीच्या कुडाला टेकून उभा असतो. आंत छप्पर गळत असतें. म्हातारी सामान इकडचें तिकडे ओढीत कुरकुरत असते कीं, वाघ आला तरी पुरवला, पण ही टिपटिप नको. वाघ घाबरतो, आपल्याहून भयंकर असा हा टिपटिप कोण प्राणी असेल? इतक्यांत हरवलेलें गाढव शोधीत एक झिंगलेला कुंभार तेथें येतो आणि अंधारांत वाघालाच गाढव समजून झोडपतो, घरीं नेऊन बांधून ठेवतो. सकाळीं तो गांवचा शूर पुरुष ठरतो आणि राजा त्याला सेनापति करतो. ज्याचें छप्पर आषाढांत गळलें आहे त्याला म्हातारीचें म्हणणें अक्षरशः खरें वाटेल. वाघ गोष्टींत भेटतो. टिपटिप दरवर्षीं भेटते.

आणि चंद्राची गोष्ट तर एवढीशी आहे. सूर्य, चंद्र आणि वारा हे काका-काकूकडे, म्हणजे मेघगर्जना आणि वीज यांच्याकडे, जेवावयास जातात. सूर्य आणि वारा पोटभर जेवतात. आई घरीं उपाशी आहे ह्याची त्यांना आठवणही होत नाहीं. चंद्र मात्र प्रत्येक पदार्थाचा कण आपल्या लांब नखांत दडवून आईसाठीं आणतो. म्हणून सूर्य तापतो, वाऱ्याचा त्रास होतो आणि चांदणें शीतल राहतें. पंक्तीहून परततांना घरच्या लेंकरासाठीं लाडू पदरांत बांधून आणणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. गोष्टीनें तो पदर आकाशाला लावला, एवढेंच.

ह्या कथा युरोपांत गेल्या तेव्हां तेथील पंडितांनीं त्यांत वेगळेंच कांहीं पाहिलें. ज्याचें काळीज देहांत नाहीं अशा राक्षसाची गोष्ट नॉर्वेंत होती; रशियांतही तसाच एक अमर कोश्चेई होता. पंचकिन आणि हे राक्षस सख्खे भाऊ शोभले. हे साम्य पाहून कोणी आर्यांच्या मूळ घराचे तर्क बांधले. सर जेम्स फ्रेझर यांनीं १८९० च्या 'गोल्डन बाउ' ह्या ग्रंथांत, प्राण देहाबाहेर ठेवण्याच्या समजुतीचा विचार करतांना पंचकिनचीही साक्ष काढली. १८९२ मध्यें जोसेफ जेकब्ज यांनीं पंचकिन आणि चंद्र-सूर्याची गोष्ट आपल्या हिंदी परीकथांच्या पुस्तकांत घेतली, आणि इंग्रजी मुलांच्या बिछान्याशीं अ‍ॅनाच्या आजीच्या गोष्टी जाऊन पोंचल्या. पंडितांची चर्चा मोलाची होती यांत शंका नाहीं. पण पोपट, काळीज आणि अंडें ह्यांच्या याद्या करतांना उतरंडीकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आणि सांगणारी बाई तर बहुतेकांच्या विसरण्यांतच गेली.

त्या बाईचें आयुष्य गोष्टींसारखें नव्हतें. नवरा वारल्यावर मुलांना वाढविण्यासाठीं तिनें आयेची चाकरी पत्करली. ती इंग्रजी बोलावयास शिकली ती ह्या चाकरींत. पूर्वींची स्वस्ताई आणि आतांची महागाई यांचा हिशेब तिच्या हकीकतींत आहे. तो कोणत्याही काळच्या गृहिणीला आपलाच वाटावा. तिचा मुलगा पुण्याच्या नदींत बुडून गेला. मुलें वाचावयास शिकलीं तेव्हां त्यांना आईच्या गोष्टींची गरज उरली नव्हती. सांगण्याची संवय सुटली, आणि बऱ्याच गोष्टी ती विसरली. जें पुस्तकांत आलें तें विस्मरणाच्या तावडींतून सुटलेलें आहे. गुणाढ्याच्या एक लक्ष श्लोकांसारखाच हा शिल्लक राहिलेला भाग म्हणावयाचा.

सूर्याबाईची कथा आतां पुन्हां आठवावी. तळ्यांत बुडालेली मुलगी फूल होऊन, झाड होऊन, अखेर आंबा होऊन आईच्या दुधाच्या भांड्यांत परत येते. पुण्याच्या नदींत बुडालेला मुलगा परत येत नाहीं. गोष्ट आणि संसार यांतला हा फरक अ‍ॅनाला कोणी समजावून देण्याची जरूर नव्हती. तरी पुस्तकांत तिची हकीकत आणि सूर्याबाईची गोष्ट एकाच दोऱ्यानें शिवलेलीं आहेत. अद्भुत कथेला पळवाट म्हणणारे टीकाकार पुष्कळ आहेत. त्यांनीं हीं दोन प्रकरणें एकामागून एक वाचावीं. ज्यांना दुःख टाळतां आलें नाहीं अशाच माणसांनीं ह्या कथा जपल्या, आणि जपल्या त्या दुःख ठाऊक असतांना.

हा वारसा पुस्तकांतच उरला आहे, असें मात्र नाहीं. चातुर्मासांतल्या कहाण्या अजून वाचल्या जातात. सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीपुरतें बोलावयाचें तर तींत राक्षस नाहीं, जादूगार नाहीं. देवाचा गाभारा दुधानें भरावा म्हणून राजा दवंडी पिटवितो. भीतीपोटीं गांव घरचें सारें दूध घेऊन येतो. वासरें तशींच राहतात, मुलें तशींच राहतात, आणि गाभारा कांहीं भरत नाहीं. एक म्हातारी आधीं मुलांना पाजते, वासरांना पाजते, घरच्यांना देते, आणि मग उरलेलें खुलभर दूध नेऊन ओतते. गाभारा भरून जातो. सबंध चमत्कार एवढाच. परंतु ज्या घरांत दूध मोजून येतें त्या घरांतल्या बाईला ह्याहून मोठा चमत्कार सांगतां येणार नाहीं. कारण आधीं कोणाला द्यावें, हा तिचा रोजचाच प्रश्न आहे.

विसाव्या शतकांत दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर अशा विदुषींनीं लोककथा, कहाण्या, ओव्या जमविण्याचें आणि अभ्यासण्याचें काम केलें. आणि 'ओल्ड डेक्कन डेज' ह्या पुस्तकाची २००२ मध्यें किरीन नारायण यांनीं संपादित केलेली नवी आवृत्ति निघाली. तींत अ‍ॅनाच्या वांट्याचें श्रेय तिला अधिक स्पष्टपणें मिळालें. पण संग्रह कितीही झाले तरी ते मुदपाकखान्यांतील बातमी कळल्यावर धांवत गेलेल्या राजासारखेच असावयाचे. ते पोंचण्यापूर्वीं कांहीं पानें जळालेलींच असतात.

घराघरांतून उतरंडी गेल्या, विस्तव मागणें संपलें, दूध पिशवींतून येऊं लागलें. त्या वस्तूंबरोबर त्यांच्या गोष्टी जातील कीं काय, अशी शंका येणें साहजिक आहे. इतिहास पाहतां भय वस्तूंचें नाहीं. अ‍ॅनाच्या आजीनें धर्म बदलला, गांव बदललें, तरी गोष्टी टिकल्या. त्या थांबल्या त्या ऐकणारा उठून गेल्यावर. रात्रीं मूल जवळ येऊन गोष्ट मागतें, त्या वेळीं घरांत आजी असेल, आई असेल, मामा असेल. त्यानें हातांतलें काम क्षणभर बाजूस ठेवावें आणि आपण जी ऐकली ती सांगावी. आठवत नसेल तेथें घरांतली वस्तु घालावी. पूर्वीं सांगणाऱ्यांनींही तसेंच केलें आहे.